कावळा, बांगड्या आणि देवावरचा वाद

काकांच्या दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर आम्ही पाऊण तास कावळ्याची वाट पाहत उभे होतो. पिंड मांडलेले, शेजारी केळीच्या पानावर काकांच्या आवडीची कांदाभजी, तंबाखूची पुडी, कपभर चहा. कावळे पलीकडच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "अण्णा, धाकटीचं लगीन मी लावून देतो, काळजी करू नका." आत्या म्हणाली, "विहिरीच्या पाण्यावरनं पुन्हा भांडणार न्हाई आम्ही."

मी तेव्हा बावीस वर्षांचा, पुण्यात शिकणारा, नुकताच नास्तिक झालेला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भूक लागली की येईल तो. त्याला काय कळतंय कुणाची इच्छा राहिली ते?"

कुणीच काही बोललं नाही. काकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

मी बोललो ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. कावळा मेलेल्या माणसाचं मन ओळखतो यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी त्या वाक्यात काहीतरी फार चुकलं होतं, आणि ते उमगायला मला बरीच वर्षं लागली. श्रद्धाळू माणसाचा मान राखून त्याच्याशी देवाधर्मावर वाद घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला जेवढं कळलं तेवढं इथे मांडतो.

एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न

"देवावर विश्वास आहे का?" हा प्रश्न एकच वाटतो, पण त्याच्या पोटात निदान चार प्रश्न दडलेले असतात. घाटावरच्या कावळ्याचंच घ्या.

इच्छा अपुरी राहिली तर कावळा पिंडाला शिवत नाही, हा झाला जगाविषयीचा दावा. तो तपासता येतो. घाटावर गर्दी किती, त्या दिवशी आधी किती पिंड मांडले गेले, कावळ्यांची पोटं भरलीत का, यावर त्यांचं येणं न येणं अवलंबून असतं का, हे कुणीही चिकाटीने नोंद ठेवून पाहू शकेल. मरणानंतर काहीतरी उरतं, हा दावा वेगळ्या जातीचा. त्यावर तर्क लढवता येतो, पण प्रयोग करून निकाल लागत नाही. तिसरा प्रश्न त्या विधीच्या कामाचा. भाऊ चारचौघांत बहिणीची जबाबदारी घेतो, आत्या भांडण मिटवायचा शब्द देते. घरी ओसरीवर बसून हे कुणी बोललं नसतं. कावळ्याने ते बोलायला लावलं. आणि चौथा प्रश्न रूढीचा: या सगळ्यात कुणाला काय सोसावं लागतं?

मी उत्तर दिलं पहिल्या प्रश्नाचं, आणि ते नेमकं तिसऱ्यात बुडालेल्या माणसांच्या तोंडावर फेकलं.

समोरचा यातल्या कोणत्या प्रश्नाविषयी बोलतोय हे आधी विचारून घेतलं, तर कितीतरी भांडणं सुरूच होत नाहीत. सत्यनारायण घालणारी प्रत्येक बाई साधुवाण्याच्या नावेची गोष्ट अक्षरशः खरी मानते असं नाही. नव्या घरात चार शेजारणी याव्यात, शिऱ्याचा प्रसाद वाटला जावा, वास्तूत चांगलं बोललं जावं, एवढंच कित्येकींच्या मनात असतं. तिला त्या कथेतल्या विसंगती दाखवून आपण कुणाला हरवलं? याउलट अंगाऱ्याने गाठ विरघळेल असं सांगून रोग्याची औषधं बंद करणारा बाबा उघडउघड तपासता येण्याजोगा दावा करत असतो. तिथे "त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे" म्हणून गप्प बसणं म्हणजे त्या रोग्याला वाऱ्यावर सोडणं.

नास्तिक कुणाला म्हणायचं

नास्तिक हा शब्द आपल्याकडे बऱ्याचदा शिवीसारखा फेकला जातो. नास्तिक म्हणजे बेताल, ज्याला कशाचीच चाड नाही असा. म्हणून त्याचा जुना अर्थ माहीत असलेला बरा. मनुस्मृतीप्रमाणे वेदांची निंदा करतो तो नास्तिक. देव न मानणं ही तिथली कसोटीच नव्हती. या व्याख्येने बौद्ध आणि जैन नास्तिक ठरतात, आणि वेद मानणारी सांख्य आणि मीमांसक ही तत्त्वज्ञानाची घराणी आस्तिक. आणि गंमत अशी की सांख्यांच्या अभिजात मांडणीत जग घडवणाऱ्या ईश्वराची गरजच पडत नाही. मीमांसक कुमारिल भट्ट तर यज्ञकर्माचे कट्टर पुरस्कर्ते. पण सृष्टीच नव्हती तेव्हा निर्मात्याला शरीर कुठून आलं, आणि करुणेपोटी जग निर्माण केलं असेल तर ते इतकं दुःखाने भरलेलं का केलं, असे प्रश्न त्यांनीच विचारले. पुढे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे मांडणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्व दर्शनांचा संग्रह केला त्याची सुरुवातच देव आणि परलोक नाकारणाऱ्या चार्वाकांपासून होते.

म्हणजे "देव आहे का" हे विचारणं ही कुणी परदेशातून आणलेली खोड नाही. त्याचबरोबर आपल्या आधी सगळे डोळे मिटून मानत होते, असं समजणाऱ्या नव्या नास्तिकानेही हे वाचायला हवं. मी वाचलेलं नव्हतं.

आणखी एक शब्द जवळ असावा: अज्ञेयवादी. देव आहे की नाही हे माणसाला कळणं शक्य नाही, असं म्हणणारा. गोपाळ गणेश आगरकरांची भूमिका या बाजूची होती. पुण्यातल्या कर्मठांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

आज आपण वाद हा शब्द भांडणासाठी वापरतो. न्याय दर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत त्याचा अर्थ फार वेगळा आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघे बसतात, पुरावा आणि तर्क यांच्या आधाराने बोलतात, तो वाद. काहीही करून जिंकायचंच म्हणून बोलतात, तो जल्प. आणि स्वतःची बाजू काही मांडायचीच नाही, फक्त समोरच्याचं खोडून काढायचं, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपल्या बोलण्यात उतरला तो इथूनच.

वाद कुणाशी करावा तेही सूत्रकारांनी सांगितलंय: गुरू, शिष्य, सहाध्यायी, आणि ज्यांच्या मनात असूया नाही असे लोक. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं सूत्र. जल्प आणि वितंडा यांचाही उपयोग आहे म्हणतात, पण कसा? कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसा. शेतकऱ्याच्या पोराला हे लगेच कळेल. काटेरी कुंपण गुरांसाठी असतं. घरच्या माणसांवर कुणी काट्या उगारत नाही. लुबाडणाऱ्या बाबासमोर काटे जरूर काढावेत. काकीसमोर काढायचं काय कारण होतं?

त्याच ग्रंथपरंपरेत छल नावाचा दोष सांगितलाय. एक जण म्हणतो, "हा मुलगा नवकंबल आहे", म्हणजे नव्या कांबळ्याचा. दुसरा म्हणतो, "खोटं, याच्याकडे कुठे नऊ कांबळी आहेत?" नव म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊ. समोरच्याला काय म्हणायचंय ते कळत असूनही शब्द पकडायचा. आपल्या आजच्या वादांत हे दोन्हीकडून चालतं. "विज्ञानावर तुमचाही विश्वासच आहे ना?" असं आस्तिक म्हणतो, तेव्हा विश्वास या एका शब्दाचे दोन अर्थ तो एकाच पिशवीत घालत असतो. विज्ञानावरचा विश्वास उलटा पुरावा आला की सोडायचा असतो, हे त्यालाही ठाऊक असतं. तसंच नास्तिक जेव्हा "तुमचा ढगांवर बसलेला देव" म्हणतो आणि समोरचा माणूस ज्ञानेश्वरीतल्या चराचराला व्यापून असलेल्या तत्त्वाबद्दल बोलत असतो, तेव्हा तोही छलच. चमत्कार खोटा ठरल्याने निर्गुण खोटं ठरत नाही. त्यासाठी वेगळा युक्तिवाद लागतो आणि तो करणं अवघड आहे.

पुराव्याची जबाबदारी मात्र मी सोडणार नाही. जो दावा करतो त्याने पुरावा द्यावा. "देव नाही हे सिद्ध करा" ही मागणी रास्त नाही, कारण या न्यायाने मुंजा आणि हडळसुद्धा खऱ्या मानाव्या लागतील. पण श्रद्धाळूंच्या बाजूलाही काही प्रश्न असे आहेत की ज्यांवर मी प्रामाणिकपणे थबकतो: मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? मेंदूतल्या पेशींमधून "मी" कसा उगवतो? यावर "विज्ञान कधीतरी सांगेल" एवढं म्हणणं म्हणजे उत्तर देणं झालं असं मी मानत नाही.

सेवाग्रामचं उदाहरण

मान राखून वाद कसा होतो, त्याचा आपल्या मातीतला सर्वांत सुंदर नमुना वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला घडला. गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, आंध्रातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक विचारांपायी त्यांची नोकरी गेली. १९४० मध्ये त्यांनी मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढलं आणि अस्पृश्यतेविरुद्ध काम सुरू केलं. १९४१ मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र लिहून भेट मागितली. गांधीजींनी तुटक उत्तर दिलं: नास्तिकता हा स्वतःचाच नकार आहे, आणि चर्चेला माझ्याकडे वेळ नाही.

गोरांनी काम चालू ठेवलं. १९४४ च्या अखेरीस अखेर भेट झाली. देव आहे की नाही यावर त्यांनी काथ्याकूट केला नाही. गोरांनी नुकताच येऊन गेलेला बंगालचा दुष्काळ पुढे ठेवला. कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसं मिठाईच्या दुकानांसमोर भुकेने मेली. मरणाऱ्याने ते नशीब म्हणून सोसलं आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांनी ती देवाची मर्जी म्हणून नजर फिरवली. माणसाने जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घ्यावी म्हणून मी देव नाकारतो, असं त्यांचं सांगणं.

गांधीजींनी ऐकून घेतलं. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, ते म्हणाले. आपण दोघेही सत्याचे शोधक आहोत. कोण बरोबर ते कामाच्या फळांवरून ठरेल. मग मी तुमच्या वाटेने येईन, किंवा तुम्ही माझ्या, किंवा दोघेही तिसऱ्याच वाटेने जाऊ.

हे नुसतं तोंडदेखलं नव्हतं. गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरलं, तेव्हा ते आश्रमात लावून द्यायला गांधीजी तयार झाले, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायलाही. रामनाम ओठांवर असलेल्या माणसाने नास्तिकासाठी एवढं केलं. लग्न व्हायच्या आत गांधीजींचा खून झाला. मार्च १९४८ मध्ये ते सेवाग्रामलाच लागलं. या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तीनेक वर्षांत कुणाचंही मत बदललं नाही, तरी दोघे मिळून एक काम करू शकले.

दाभोलकर आणि लागू

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देव मानणं न मानणं याबाबत समिती तटस्थ राहील. विरोध आहे तो शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला, ही त्यांची भूमिका. त्यामुळे घरी गणपती बसवणारे कार्यकर्तेही समितीत निःसंकोच काम करू शकले. डॉ. श्रीराम लागूंना ही भूमिका अपुरी वाटे. देव ही कल्पनाच सर्वांत मोठी अंधश्रद्धा आहे, तिला निवृत्त करा, असं ते उघड म्हणत. हे दोघे एकाच व्यासपीठावर बसून आपला मतभेद श्रोत्यांसमोर मांडत गावोगाव फिरले. नास्तिकांतही एकमत नसतं, आणि ते लपवायचं कारण नसतं, हे त्यातून दिसलं.

दाभोलकर ज्याच्यासाठी झटत होते त्या जादूटोणाविरोधी कायद्याला वारकऱ्यांतून मोठा विरोध झाला. वारी, कीर्तनं बंद करतील अशी भीती होती. त्या भीतीला "अडाणीपणा" म्हणून झटकून टाकता आलं असतं. पण कायद्याच्या मसुद्यातच प्रदक्षिणा, यात्रा, वारी, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट घातलं गेलं. गुन्हा ठरवला तो कृतींना: भूत उतरवायला मारहाण करणं, नरबळी देणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा कायदा अजून अडकलेलाच होता. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली. मान राखून बोलणाऱ्यालाही गोळी लागते, हे विसरून या विषयावर लिहिणं मला जमत नाही.

एक गोष्ट थोडक्यात. दुसऱ्याच्या धर्मातली खोट दाखवणं फार सोपं असतं. हमीद दलवाई कोकणातले. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ज्या समाजात वाढलो त्याच्याशी बोलण्याचा हक्क त्यांनी किंमत मोजून कमावला होता. मी जन्माने हिंदू. माझे कठोर शब्द आधी माझ्या घरच्या रूढींवर खर्च व्हायला हवेत, असं मला वाटतं.

संविधानाचं कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. त्यात धर्म पाळणं आहे, तसं कोणताच धर्म न मानणंही आहे. "मला धर्म नाही" असं सरकारी कागदावर लिहिण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. श्रद्धाळूचंही.

काकीचा प्रश्न

वर्षश्राद्धाला मी गावी गेलो. स्वयंपाकघरात काकी मेथी निवडत बसली होती, मीही बसलो. मुळं खुडता खुडता ती म्हणाली,

"तुझा इस्वास न्हाई, ठावं हाय मला. मला वाईट त्याचं न्हाई वाटलं."

"मग कशाचं?"

"कावळ्याचं तू बोललास. कावळा कुणाचं काय वाईट करतोय? त्याच्या आदी, खाली पाण्यात, माझ्या बांगड्या फोडल्या. कुकू पुसलं. तवा तू तिथंच व्हतास. तवा का न्हाई बोललास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौथा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर घडला होता आणि मी तो पाहिलासुद्धा नव्हता. मी पुस्तकं वाचून नास्तिक झालो होतो; काकी रोज तुळशीला पाणी घालते, पंढरीची माळ तिच्या गळ्यात आहे. तरी रूढीतलं क्रौर्य कुठे आहे हे तिला अचूक माहीत होतं. श्रद्धाळू माणसाला आपण शहाणं करायला निघतो, तेव्हा तो आधीच कशावर विचार करून बसलाय हे विचारत नाही. त्या दिवसापासून मी आधी ऐकतो. "तुला यातलं काय पटतं, काय खुपतं?" एवढंच विचारतो. बहुतेक वेळा खुपणारी गोष्ट माझ्या यादीतलीच निघते, आणि तिथून पुढे आम्ही एकाच बाजूला असतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला: पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. देव सोडा असं त्या ठरावात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ती बातमी काकीला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "पुन्यांदा वाच."

पुढच्या वर्षी तिचा भाचा अपघातात गेला. त्याची बायको जेमतेम तिशीतली. दहाव्याला तोच घाट. दोन म्हाताऱ्या त्या पोरीला धरून पाण्याकडे नेऊ लागल्या तेव्हा काकी मध्ये उभी राहिली. "हिच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई." एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. काकी हलली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, मग चुलतभाऊ आला, आणि म्हाताऱ्या मागे सरल्या.

नंतर पिंड मांडले. कावळे झाडावर होते. एकेक जण बोलून मागे झाला, तशी काकी पुढे गेली. तिने हात जोडले आणि भाच्याशी बोलावं तशी पिंडाशी बोलली, "बाळा, तिच्या बांगड्या हायत तशाच ऱ्हात्यात. मी जिती हाय तवर कोण काढत न्हाई. तू जा निवांत."

कावळा अजून आला नव्हता. चुलतभावाने हळूच माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलतो का म्हणून. मी चपला काढून काकीच्या मागे उभा राहिलो, आणि आम्ही थांबलो.